जंतू, आयुष्य आणि काशीवास

मेचनिकॉव्हचा आयुर्वर्धनावरील ग्रंथ काशीत बसून वाचणे हा थोडा चमत्कारिक योग आहे. येथे कित्येक माणसे आयुष्य वाढवावयास नव्हे, ते येथेच संपावे म्हणून येतात. ग्रंथ १९०७ चा. (त्याच वर्षी आपल्याकडे विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला. गंगेची कावड काशीहून वरसईस नेणाऱ्या त्या भटजींनी जंतुशास्त्राच्या या पंडितास काय विचारले असते, असे मनात येते.)

ग्रंथकाराचे म्हणणे असे की, मोठ्या आतड्यातील जंतू अन्न सडवितात, त्याची विषे अंगात भिनतात आणि अकाली वार्धक्य येते. सबब आंबविलेल्या दुधातील जंतू पोटात घालून त्या जंतूंस हुसकावून लावावे. बल्गेरियातील शेतकऱ्यांचे दीर्घायुष्य हा त्याचा आवडता दाखला. ताकावर वाढलेल्या मराठी वाचकास हे चटकन पटते, आणि म्हणूनच त्याने सावध राहावे. खेड्यातील म्हाताऱ्याने सांगितलेले वय म्हणजे पुरावा नव्हे. स्वतः मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वारला.

मग जंतूच मुळी नसले तर? नोत्र दाम विद्यापीठातील संशोधकांनी निर्जंतुक पेट्यांत वाढविलेल्या उंदरांची हकीकत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. ते इतर उंदरांहून अधिक जगले खरे. पण अशा प्राण्यांचे आंधळे आतडे फुगते, आतड्याची हालचाल मंदावते, आणि अखेर पुष्कळांस तेच भोवले. के जीवनसत्त्वही त्यांना अन्नातूनच पुरवावे लागते. म्हणजे आयुष्य वाढले, ते पेटीपुरते.

गंगेची साक्ष याहून अवघड आहे. हँकिनने १८९६ मध्ये दाखविले की, गंगाजलात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, मात्र पाणी उकळले की तो गुण जातो. जंतू खाणारे विषाणू १९१७ मध्ये द’हेरेलने ओळखले, तेव्हा या कोड्याचा उलगडा होऊ लागला. पाणी निर्जंतुक करू गेल्यास जंतूंचा वैरीही मरतो! अर्थात आज घाटाखालच्या पाण्यात नाले मिळतात. जुन्या प्रयोगाच्या भरवशावर ते कोणी पिऊ नये.

ग्रंथातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला विचार मात्र जंतूंविषयीचा नाहीच. आयुष्य पुरेपूर भोगले की झोपेसारखी मृत्यूची इच्छाही आपोआप उपजते, असे ग्रंथकार मानतो. कल्पना उदात्त, आधार तुटपुंजा. काशीकडे त्याने एकदा पाहावयास हवे होते. मरणाची वाट शांतपणे पाहणारे वृद्ध तेथे त्याला भेटले असते. आणि त्यांच्यापैकी कोणी पहाटे त्याच गंगेत बुडी मारून, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन परतलेलाही दिसला असता.