ओसरी, माजघर आणि ओतावालोचा शनिवार

मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की फील्डवर्कला जाण्याआधी ‘एक दिवस जाऊन बघून आलं’ तर चालतं का. चालतं. पण त्या एका दिवसावर किती भार टाकायचा, हे ठरवावं लागतं. मी तो जास्त टाकला होता. ती चूक आज उघड करते, कारण तीच चूक मला बऱ्याच प्रस्तावांमध्ये दिसते.

एका परिषदेसाठी इक्वाडोरच्या किटो शहरात गेले होते. शनिवार मोकळा होता, म्हणून ‘हस्तकलेची गावं आणि बाजार’ अशी दिवसभराची सहल घेतली. किटोपासून उत्तरेला साधारण दोन तासांवर ओतावालो आहे. तिथला शनिवारचा बाजार प्रसिद्ध आहे: पोंचो, शाली, गालिचे, टोप्या. विकणारे बहुतेक किचवा भाषा बोलणारे स्थानिक. पुरुषांची लांब वेणी, बायकांचे भरतकामाचे पांढरे झंपर आणि गळ्यात सोनेरी मण्यांच्या माळांचे पदर. बाजारानंतर जवळच्या पेगुचे गावात एका विणकराचं घर, मग चामड्याच्या वस्तूंसाठी कोताकाची, आणि संध्याकाळी परत.

पेगुचेच्या घरात यजमानांनी लोकर पिंजून, कातून दाखवली. निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडला, त्यावर लिंबू पिळलं, लाल रंग पालटला, सगळ्यांनी फोटो काढले. मग ते हातमागावर बसले आणि धोटा पाच-सात वेळा इकडून तिकडे गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण भिंतीपलीकडून यंत्रमागाचा खडखडाट चालूच होता. त्या रात्री मी वहीत लिहिलं: ‘हातमाग हे नाटक. खरं उत्पादन मागच्या खोलीत. बाजारातला माल बराचसा अॅक्रिलिक. अस्सलपणाचा देखावा.’

वाक्य चटपटीत आहे आणि त्याला सिद्धांताचं पाठबळही आहे. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनस्थळांमधल्या ‘मंचित अस्सलपणा’वर निबंध लिहिला. गॉफमन यांनी सामाजिक जागेचे दर्शनी आणि पडद्यामागचा असे दोन भाग केले होते. आपल्या भाषेत ओसरी आणि माजघर म्हणू. मॅककॅनेल म्हणतात, पर्यटकाला ओसरीत बसायचं नसतं, त्याला माजघर बघायचं असतं. म्हणून पर्यटनाचा धंदा माजघरासारखी दिसणारी ओसरी उभी करतो. पेगुचेचं ते घर या मांडणीत अगदी फिट्ट बसतं.

बसतं, हीच अडचण आहे. निबंध पुन्हा वाचलात तर लक्षात येईल की त्यात प्रश्न पर्यटकाचा आहे: त्याला काय हवं, त्याला काय दाखवलं जातं. विणकर त्यात येतो तो दाखवणारा म्हणून. त्याच्याकडे जमीन किती, सूत कुठून येतं, यंत्रमाग कधी घेतला आणि कुणाच्या पैशाने, हे विचारायला त्या चौकटीत जागाच नाही. मी ती चौकट घेऊन गेले, म्हणून मला फक्त ‘खरं की खोटं’ एवढंच दिसलं.

त्याच वर्षी, १९७३ मध्येच, फ्रँक सॅलोमन यांचा ओतावालोच्या विणकरांवरचा निबंध आला. तो इतिहासापासून सुरू होतो. या भागातला कापडाचा व्यवहार इंका राज्याच्याही आधीचा. स्पॅनिश काळात याच लोकांना ‘ओब्राहे’ नावाच्या कारखान्यांत सक्तीने राबवलं गेलं. मेंढीची लोकर आणि पायांनी चालवायचा माग स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्याआधीचा माग कमरेला पट्टा बांधून ताणायचा. म्हणजे मला पेगुचेत जो ‘पारंपरिक’ वाटला, तो हातमागसुद्धा एकेकाळी परक्यांनी आणलेलं यंत्रच होता. सॅलोमन यांचा मुद्दा असा की कापडाच्या पैशातून लोकांनी जमीन विकत घेतली आणि आपलं गाव, आपली ओळख टिकवली. मग भिंतीपलीकडचा यंत्रमाग परंपरेचा शेवट कसा? तो त्याच जुन्या खटपटीचा पुढचा टप्पाही असू शकतो.

पण सॅलोमनही डोळे मिटून स्वीकारू नका. त्यांच्या मांडणीत ‘ओतावालोचे लोक’ बरेचसे एकसंध दिसतात. रूडी कोलोरेडो-मॅन्सफेल्ड यांचं १९९९चं पुस्तक इथे कामाला येतं. ते आरियासुकू या वस्तीत राहिले, घरांची आणि वस्तूंची रेखाटनं करत राहिले, आणि व्यापारी श्रीमंत होत असताना त्यांच्या आणि साध्या विणकरांच्या राहणीत कसं अंतर पडलं ते त्यांनी दाखवलं. अर्थात तेही डॉलरच्या आधीचं चित्र आहे. इक्वाडोरने अमेरिकी डॉलर हेच चलन स्वीकारलं २००० साली. आजच्या बाजारातल्या भावाचं स्पष्टीकरण १९९९च्या पुस्तकात शोधू नका.

आता माझ्या वहीतली दुसरी नोंद बघा. बाजारात शाल घेताना मी विक्रेतीला विचारलं, हे कोण विणतं? ती म्हणाली, ‘आमच्या घरी.’ मी लिहिलं: ‘उत्पादन कौटुंबिक.’ पण ‘घर’ म्हणजे कोण? ती आणि तिचा नवरा? चुलत दीर? नगावर पैसे घेणारा शेजारी? विणणाऱ्याला त्या शालीमागे किती मिळाले? एका शब्दात सगळे मजुरीचे संबंध दडलेले होते आणि मी पुढचा प्रश्न न विचारता शालीची घडी घालून निघाले. गाडी सुटायची वेळ झाली होती.

सहलीचा खरा दोष इथे आहे. ती खोटं दाखवते असं नाही. ती दुसरा प्रश्न विचारायला वेळच देत नाही.

म्हणून नोंदी करताना तीन रकाने पाडा: पाहिलं, ऐकलं, ताडलं. ‘यंत्रमागाचा आवाज’ पहिल्याही रकान्यात जात नाही, तो दुसऱ्यात; यंत्र मी पाहिलंच नव्हतं. ‘देखावा’ तिसऱ्यात. माझी त्या रात्रीची चारही वाक्यं तिसऱ्या रकान्यातली निघाली, आणि प्रस्तावात मी ती पुरावा म्हणून घातली होती. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, ‘कशावरून?’ तो भाग काढावा लागला, सहा महिन्यांचं काम गेलं.

तुमच्यापैकी कुणी येवल्यात पैठणीवर काम करणार असेल, तर तिथेही दुकानात माग मांडलेला दिसेल. तो खरा की दिखाऊ, यावर अडकू नका. त्यावर बसणाऱ्याला पैसे दिवसाचे मिळतात की साडीचे, हे विचारा. आणि उत्तर मिळालं की पुन्हा एकदा जा.