ओळखलं, मग पुढे काय?

आजचा विषय वरवर पाहता हलकाफुलका आहे. कल्पित जगाच्या, विज्ञानकथेच्या मालिका पाहताना प्रेक्षक ज्या ‘थिअऱ्या’ मांडतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. पण एक सूचना आधीच देऊन ठेवतो. पुढच्या अर्ध्या तासात मी ‘लॉस्ट’, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ‘वेस्टवर्ल्ड’, ‘वांडाव्हिजन’ आणि ‘सेव्हरन्स’ या पाच मालिकांची रहस्यं फोडणार आहे. ज्यांना ती नको असतील त्यांनी आत्ताच उठावं, मला राग येणार नाही. आणि जे बसून राहतील त्यांचं नुकसान होणार नाही, हेच मला आज सिद्ध करायचंय.

सुरुवात कबुलीने करतो. ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन २०१६ साली आला. त्यात पांढरी टोपी घालून बागेत येणारा भाबडा विल्यम आणि काळ्या कपड्यांतला क्रूर म्हातारा अशी दोन माणसं आहेत. ती दोन नाहीत, तीस वर्षांच्या अंतराने दिसणारं एकच माणूस आहे, हे प्रेक्षकांनी शेवटाच्या पुष्कळ आधी ओळखलं. बागेचं बोधचिन्ह काही दृश्यांत जुनं आहे नि काहींत नवं, इतक्या बारीक गोष्टी लोकांनी हेरल्या. मलाही ते पटलं होतं. शेवटच्या भागात ते खरं निघालं तेव्हा मी सोफ्यावर हात आपटून म्हणालो, “बघा, मी सांगितलं होतं!” आणि दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर एका चांगल्या माणसाचं वाटोळं कसं झालं हे दाखवत होते आणि मी स्वतःची पाठ थोपटत होतो. ते दृश्य मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ओळखलं, ठीक. मग पुढे काय?

थिअरी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट, चांगली थिअरी ही समीक्षाच असते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं उदाहरण घ्या. जॉर्ज मार्टिन यांच्या या कादंबरीमालेतली पहिली कादंबरी १९९६ ची. जॉन स्नो हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लिआना आणि राजपुत्र ऱ्हेगार यांचा मुलगा असावा, हे वाचकांनी मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधी ताडलं होतं. कशावरून? लिआनाला मरताना दिलेल्या वचनाची आठवण नेडला पुन्हा पुन्हा येते. राजाचे तीन अंगरक्षक राजाला सोडून दूरच्या एका ओसाड मनोऱ्यावर पहारा देत बसलेले असतात. का बरं? ते कुणाला राखतायत? शब्दाशब्दाला थांबून, ‘इथे लेखक हेच का सांगतोय’ असं विचारल्याशिवाय हा तर्क सुचत नाही. आणि तो सुचला, की नेड स्टार्क हा माणूसच बदलतो. ज्याला आपण बायकोशी प्रतारणा केलेला समजत होतो, त्याने बहिणीच्या मुलाला वाचवण्यासाठी आपली अब्रू पणाला लावली, बायकोचा कडवटपणा आयुष्यभर सोसला. म्हणजे हा तर्क नुसतं ‘कोण कुणाचा मुलगा’ एवढं सांगत नाही. एका माणसाची किंमत तो नव्याने सांगतो. अशा थिअरीला मी ‘वाचणारी’ थिअरी म्हणतो.

दुसरी जात आहे ती ‘लावणारी’ थिअरी. म्हणजे मटक्याचा आकडा लावतात तशी. आकडा लागला तर जिंकलो, नाही लागला तर मालिका भिकार.

जून २०१६ मध्ये मालिकेने जॉनच्या जन्माचं गुपित उघड केलं. लोक खूश झाले. पण पुढे काय झालं? आठव्या सीझनपर्यंत त्या गुपिताचं वजन घटत गेलं. २०१९ साली शेवट आल्यावर सीझन पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्यावर एक उत्तर हमखास दिलं गेलं, की ‘तुमच्या थिअऱ्या चुकल्या म्हणून तुम्ही चिडलात.’ मला हे उत्तर मान्य नाही. शरण आलेल्या शहराच्या घंटा वाजत असताना डेनेरिस ते शहर जाळते. ती या वळणाला जाणार, असं कितीतरी प्रेक्षक आधीपासून म्हणत होते. म्हणजे तर्क बरोबर आला होता! तरी दृश्य पटलं नाही. का? कारण त्या टोकापर्यंत जायला तिला जो वेळ हवा होता, तो सहा भागांच्या घाईत तिला मिळाला नाही. लोकांना शेवट अनपेक्षित वाटला म्हणून ते रागावले नाहीत. अपेक्षित शेवटच न कमावता हातात पडला, याचा तो राग होता.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. ओळखता येणं हा गोष्टीचा दोष नव्हे. ओळखल्यावर काहीच न उरणं हा दोष आहे.

पण कर्त्यांनाच याची भीती बसली तर? ‘वेस्टवर्ल्ड’च्या कर्त्यांनी, जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी, एप्रिल २०१८ मध्ये रेडिटवर एक गंमत केली. एक हजार मतं मिळाली तर दुसऱ्या सीझनचं सगळं कथानक आधीच फोडून टाकू, असं जाहीर केलं. मतं मिळाली. व्हिडिओ आला. त्यात इव्हान रेचेल वूड जुनं पॉप गाणं गातेय आणि मग बराच वेळ पियानोशी बसलेला एक कुत्रा! आपण सगळे हसलो. पण मला त्या हसण्यामागे धास्ती दिसते. दुसरा सीझन पाहताना ती जास्तच जाणवली. काळाचे तुकडे असे काही पिंजले होते, की मला वाटायचं, हे पात्रांसाठी नाही, आपल्याला चकवण्यासाठी चाललंय. प्रेक्षकाशी लपंडाव खेळायला लागलं की लेखक पात्रांकडे पाठ फिरवतो.

दोष एकाच बाजूचा नाही. ‘वांडाव्हिजन’ आठवा. २०२१ ची, नऊ भागांची मालिका. दर आठवड्याला एक भाग यायचा आणि मधल्या दिवसांत प्रेक्षक मेफिस्टो शोधायचे. कॉमिक्समधला हा सैतान पडद्याआड असणारच, याबद्दल लोकांची खात्री होती. तो आलाच नाही. पडद्यावर काय होतं? प्रिय माणूस गेल्यावर एक बाई संपूर्ण गावाला ओलीस धरून खोटा संसार मांडते आणि शेवटी तो संसार स्वतःच्या हाताने मिटवते. दुःखाची गोष्ट होती हो ती. खलनायक बाहेरून येईल म्हणून आपण दाराकडे बघत राहिलो आणि घरातलं रडणं ऐकलं नाही.

पण कर्तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. वांडाच्या मेलेल्या भावाच्या रूपात त्यांनी इव्हान पीटर्सला आणलं. याच नटाने एक्स-मेन चित्रपटांत तीच भूमिका केली होती. हे आमिष नाही तर काय? आणि शेवटी त्याच्या नावावर एक पाचकळ विनोद करून विषय संपवला. प्रेक्षकाला विचार करायला लावायचं आणि मग विचार केला म्हणून त्याची फजिती करायची, हा सभ्यपणा नव्हे.

‘लॉस्ट’च्या बाबतीत हेच जास्त वेदनेने घडलं. २००४ ते २०१०, सहा सीझन. ‘ही माणसं विमान अपघातातच मेली आहेत’ ही थिअरी सुरुवातीपासून होती आणि कर्ते ती नाकारत आले. शेवटच्या भागात जॅकचे वडील स्पष्ट सांगतात, की बेटावर घडलं ते सगळं खरं होतं. मृत्यूनंतरची होती ती सहाव्या सीझनमधली समांतर कथा. तरीही ‘ते आधीच मेले होते’ असं सांगणारे लोक आजही भेटतात. सहा वर्षं मनात बाळगलेली थिअरी डोळ्यांसमोरच्या दृश्यापेक्षा बळकट ठरली! अर्थात ४, ८, १५, १६, २३, ४२ या आकड्यांमागे हेच आकडे का, याचं समाधानकारक उत्तर मालिकेने दिलं नाही, ही तक्रार मी खरी मानतो. कोडं घातलंत तर उत्तराची जबाबदारी येते.

मग जमलं कुणाला? माझं उत्तर ‘सेव्हरन्स’. या मालिकेत लुमन कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत अशी सोय केलेली असते, की ऑफिसातल्या ‘मी’ला बाहेरचं काही आठवत नाही आणि बाहेरच्याला ऑफिसातलं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात, जानेवारी २०२५ मध्ये, हेली परत येते. बाहेर काय दिसलं असं सहकारी विचारतात तेव्हा ती खोटं सांगते; रात्री काम करणारा एक माळी भेटला म्हणते. प्रेक्षकांनी लगेच ताडलं: ही आतली हेली नव्हे, ही बाहेरची हेलेना, मालकाची मुलगी. काहींनी उलट म्हटलं, की नाही, ही हेलीच, लाजेपोटी खोटं बोलतेय. पाहा, दोन्ही वाचनं शक्य होती आणि दोन्हींसाठी तिचा चेहरा नीट पाहावा लागत होता.

तीन आठवड्यांनी, चौथ्या भागात, ती हेलेनाच निघाली. तर्क लागला. पण धक्का कमी झाला का? मुळीच नाही. कारण तोवर मार्कने तिला हेली समजून तिच्यासोबत रात्र घालवली होती. ही फसवणूक आहे. संमती कुणी कुणाला दिली, हा प्रश्न कोड्याच्या उत्तराने सुटत नाही. आणि हे ओळखतो कोण? इर्विंग. आपण जो तर्क केला तोच तो करतो. सिद्ध करायला तो तिचं डोकं बर्फाच्या पाण्यात धरतो. शिक्षा म्हणून त्याला कामावरून काढतात, म्हणजे त्याच्या आतल्या ‘मी’चं अस्तित्वच संपतं. आपला तर्क बरोबर आला म्हणून आपण टाळी मागतो. त्याचा बरोबर आला म्हणून तो जातो. हे पाहिल्यावर “मी सांगितलं होतं” असं म्हणायला माझी जीभ धजली नाही.

आपल्याला हे नवीन वाटू नये. कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की मृग खोटा आहे आणि सीता पळवली जाणार. म्हणून कुणी आख्यान अर्ध्यावर सोडून उठत नाही. उलट माहीत असल्यामुळेच, ती रेषेबाहेर पाऊल टाकते तेव्हा पोटात कालवतं.

शेवटी श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. “सर, मग आम्ही थिअऱ्या करायच्या की नाही?”

जरूर करा. फक्त थिअरी मांडून झाली की स्वतःला एक विचारा: ही उद्या खोटी ठरली, तर माझ्या हाती काय राहील? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्ही आकडा लावत होतात. पण ‘मला हे पात्र आधीपेक्षा जास्त कळलं’ असं आलं, तर तुमची थिअरी चुकली तरी तुमचं पाहणं वाया गेलेलं नाही.

‘वेस्टवर्ल्ड’चा तो शेवटचा भाग मी नंतर पुन्हा पाहिला. या वेळी सोफ्यावर हात आपटला नाही. गप्प बसून विल्यमकडे पाहिलं.