टक्कर की लांबलेली भेट?

सोलापूरला सात रस्त्याजवळ आम्ही काही विज्ञान शिक्षक जमलो असताना दीर्घिकांच्या मीलनावरील एक चित्रफीत पाहिली. दोन दीर्घिका आदळतात, त्यांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरे लोहचुंबकांसारखी ओढली जातात आणि क्षणात एक होतात. चित्रे सुरेख, पण विज्ञान लंगडे!

पहिला आक्षेप 'टक्कर' या शब्दाला. सूर्य म्हणून एक सेंटीमीटरची गोटी सात रस्त्यावर ठेवली, तर त्याच प्रमाणात सर्वांत जवळचा तारा सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटरवर, म्हणजे हैदराबादपाशी येईल. साहजिकच दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. कृष्णविवर दुरून सारे गिळत नाही. लांबवर त्याचे आकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या कोणत्याही वस्तूइतकेच असते. मग दोन विवरे जवळ येतात कशी? ताऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या जड विवरामागे तारे गोळा होतात व त्याचा वेग कमी करतात. हे 'गतिकीय घर्षण' चंद्रशेखर यांनी १९४३ साली गणिताने मांडले. त्यामुळे दोन्ही विवरे केंद्राकडे सरकतात व परस्परांभोवती फिरू लागतात. जवळ येणारे तारे ही जोडी भिरकावून देते. प्रत्येक तारा तिची थोडी ऊर्जा नेतो आणि जोडीतील अंतर घटते. परंतु सुमारे एक पारसेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे अंतर उरले की भिरकावण्याजोगे तारेच संपत येतात. गुरुत्वीय लहरींवाटे पुरेशी ऊर्जा जावी, इतकी जवळीक तर अजून झालेली नसते. हेच 'अंतिम पारसेक'चे कोडे. भोवतालचा वायू, दीर्घिकेचा बेडौल आकार किंवा तिसरे कृष्णविवर यांमुळे ते सुटत असावे, असे सुचवले गेले आहे. चित्रफितीने नेमके हेच गाळले.

या कोड्याचा एक धागा आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे. तेथील जीएमआरटी दुर्बीण वापरणाऱ्या भारतीय गटाने युरोपीय गटासह २९ जून २०२३ रोजी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे संकेत जाहीर केले. त्यासाठी २५ स्पंदकांच्या नियमित ठोक्यांची सुमारे २५ वर्षांची नोंद तपासली होती. या लहरी कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात, असा दाट कयास आहे; सिद्धता नव्हे. कयास खरा ठरला, तर अनेक जोड्या तो शेवटचा टप्पा ओलांडतात असे म्हणता येईल.

अशी चित्रफीत वर्गात जरूर दाखवावी. मात्र विवरे जवळ येताच ती थांबवून विचारावे, "आता ही पुढे का सरकतील?" त्या प्रश्नापाशीच खरा पाठ सुरू होतो.