भाव मूर्तीचा की सावलीचा?

वेरूळच्या १० व्या लेण्यातला, म्हणजे ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार का झोपडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चैत्यगृहातला बुद्ध भावशून्य आहे, असे मी पूर्वी एका लेखात लिहिले होते. अजिंठ्यानंतर बौद्ध शिल्पाला थकवा आला, या मताचा पुरावा म्हणून मी तो चेहरा पुढे केला होता. ते विधान आज मागे घेतो.

पडेगावला राहायला आलो आणि वेरूळ पंचवीसेक किलोमीटरवर आले. निरनिराळ्या वेळी जाणे होऊ लागले, तेव्हा चूक कळली. माझा निष्कर्ष मूर्तीवरून नव्हे, फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रावरून निघाला होता. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे सावल्या उंचवट्यांच्या मागे दडतात आणि चेहरा सपाट दिसतो.

सातव्या शतकातले हे लेणे पश्चिमाभिमुख आहे. ऊन आत येते ते दुपार कलल्यावर. मार्चमधल्या एका संध्याकाळी मी तिथे थांबलो. आधी कवडसा जमिनीवर होता. तिथून परतलेला उजेड चेहऱ्यावर खालून पडत होता. ओठांच्या कडा किंचित उचललेल्या वाटल्या. सूर्य उतरला तसा कवडसा वर चढला, भुवयांची सावली डोळ्यांवर आली आणि तोच चेहरा अंतर्मुख झाला. सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. म्हणून अडथळ्यापासूनच्या दर मीटरला सावलीची कडा साधारण एक सेंटिमीटर पसरते. गवाक्ष मूर्तीपासून दूर असल्याने त्याच्या सावलीची कडा इथे मऊ होते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाईड बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून, समोरून दिवा धरून वेगवेगळे भाव दाखवतात. आपण ती गंमत समजतो. मला ती समीक्षेची कसोटी वाटते.

मग भाव दगडात नाहीच का? तसे म्हणणे दुसरे टोक होईल. सावली कुठे आणि किती पडेल, हे गालाच्या उतारावर नि पापणीच्या खोलीवरही ठरते. ती छिन्नीची कमाई. पण उजेड कुठून येतो हे न सांगता मूर्तीला ‘शांत’, ‘करुण’ किंवा ‘थकलेली’ म्हणणे अपुरे आहे. शिल्पावर लिहिताना आपण लेण्याचा क्रमांक आणि शतक देतो; तसाच प्रहर आणि प्रकाशाचा उगमही द्यावा. थकव्याचे मत कदाचित टिकेल, कदाचित नाही. मात्र त्यासाठी एका छायाचित्राचा पुरावा पुरत नाही, आणि माझ्या लेखात तेवढाच होता.