स्टॅटिनने धमन्या खरंच लवचिक होतात का? तीन पेपर शेजारी ठेवून वाचूया

स्टॅटिन आणि धमन्यांचा ताठरपणा हा विषय सिनॉप्सिससाठी बऱ्याच जणांना भुरळ घालतो. औषध माहितीतलं, तपासणीत सुई नाही, आकडा लगेच हातात. पण वाचायला बसलं की गोंधळ सुरू होतो. एक पेपर म्हणतो फरक पडतो, दुसरा म्हणतो उलटा पडतो, तिसरा म्हणतो पडतच नाही. मग आपण सोयीचा पेपर उचलतो आणि पुढे जातो. तसं करू नका. का, ते बघू.

आधी मोजमाप. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट धमन्यांतून धावते. भिंत जितकी ताठ, तितकी लाट वेगवान. मानेतल्या कॅरोटिड आणि जांघेतल्या फेमोरल धमनीवर ती किती वेळाच्या फरकाने पोचते ते मोजायचं आणि अंतराला त्या वेळेने भागायचं. हाच पल्स वेव्ह व्हेलॉसिटी, थोडक्यात पीडब्ल्यूव्ही. 2012 च्या युरोपीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार धोक्याची रेषा सेकंदाला 10 मीटर आहे. व्लाकोपुलोस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 17 अभ्यास एकत्र केले, त्यात वेग 1 मीटरने जास्त असेल तर हृदयविकाराच्या घटनांचा धोका सुमारे 14 टक्के जास्त दिसला.

आता वहीत गणित करा. अंतर 50 सेंटिमीटर आणि वेळ 50 मिलिसेकंद, तर वेग 10. वेळ 55 मिलिसेकंद धरली की वेग 9.1. म्हणजे वेळेत फक्त 5 मिलिसेकंदांची गफलत, आणि जवळजवळ 1 मीटरचा 'सुधार' कागदावर तयार! पेशंटला गोळी दिलेलीच नाही, तरीही.

हे डोक्यात ठेवून पहिला पेपर घ्या. फेरिअर आणि सहकारी, 2002. फक्त सिस्टोलिक दाब वाढलेले 22 रुग्ण, प्रत्येकाला तीन महिने अटोर्व्हास्टॅटिन 80 मिलिग्रॅम आणि तीन महिने प्लासिबो. मोठ्या धमन्यांची लवचिकता वाढली. रचना चांगली आहे, कारण प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पण त्याच रुग्णांचा रक्तदाबही उतरला, आणि दाब उतरला की तीच धमनी आपोआप सैल वागते. मग भिंत बदलली की नुसता दाब? इतक्या लहान नमुन्यात हे दोन सुटे करणं अवघड आहे. शिवाय भिंतीतलं इलॅस्टिन अनेक दशकं टिकतं, तीन महिन्यांत ते नव्याने बांधलं जात नाही. त्यामुळे बदल खरा असला तरी तो बहुधा आतल्या अस्तराच्या कामात किंवा स्नायूंच्या ताणात असावा. 'धमनी दुरुस्त झाली' असं लिहायला आधार नाही.

दुसरा पेपर त्याच वर्षीचा, पॅरिसच्या रेझाँ आणि साफार यांचा. उच्च रक्तदाब आणि जास्त कोलेस्टेरॉल असलेले 23 रुग्ण, डोस 10 मिलिग्रॅम, बारा आठवडे. इथे महाधमनीतला वेग थोडा वाढला. हा पहिल्याचा विरोधी पुरावा म्हणून सांगितला तर ते बरोबर नाही. डोस आठपट वेगळा, रुग्ण वेगळे, मोजलेली राशीही वेगळी. लेखकांनी तर शीर्षकातच प्राथमिक अभ्यास असं म्हटलंय.

तिसरा सगळ्यात वजनदार. काफे-एलएलए, 2009, ॲस्कॉट या मोठ्या चाचणीचा उपअभ्यास, जवळपास 900 रुग्ण. मूळ चाचणीत 10 मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिनने हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 36 टक्क्यांनी कमी केले होते. उपअभ्यासात मात्र महाधमनीतल्या दाबावर काहीच परिणाम दिसला नाही. आता या पेपरचा दाखला देताना 'स्टॅटिनने ताठरपणा बदलत नाही' असं लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा. त्यांनी मनगटावरच्या नाडीच्या आलेखावरून महाधमनीतला दाब आणि ऑगमेंटेशन इंडेक्स काढला होता. हा इंडेक्स हृदयगती आणि उंचीनुसारही बदलतो. तो ताठरपणाचा थेट आकडा नाही.

तरी या पेपरने दिलेला धडा मोठा आहे. महाधमनीतला दाब तसाच राहिला, तरी रुग्ण वाचले. फायदा दुसऱ्या वाटेने आला. म्हणून 'पीडब्ल्यूव्ही उतरला नाही, म्हणजे गोळी लागू पडली नाही' हा निष्कर्ष कुणी काढला, आणि त्यावरून कुणी गोळी बंद केली, तर नुकसान त्या माणसाचं आहे. आकडा आपल्या सोयीसाठी मोजलेला असतो, जगणं त्याचं असतं.

मग विषय सोडायचा का? अजिबात नाही. फक्त सिनॉप्सिसमध्ये चार गोष्टी आधीच लिहून ठेवा. कोणती राशी मोजणार आणि तीच का. एकाच माणसावर लागोपाठ दोनदा मोजल्यावर तुमच्या हातून किती फरक येतो. विश्लेषणात रक्तदाबाचा परिणाम कसा वेगळा काढणार. आणि किती मीटरचा बदल तुम्ही अर्थपूर्ण मानणार, ज्यावरून नमुन्याचा आकार ठरेल. चौथं उत्तर डेटा हातात आल्यावर शोधायला लागलात, तर जे सापडेल तेच अर्थपूर्ण वाटायला लागेल. गाइडनेही नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. नाही विचारला, तर तुम्हीच स्वतःला विचारा.