श्रवण, प्रश्न आणि श्रद्धासंस्कार : ‘क्रिस्तपुराण’ व ‘स्मृतिचित्रे’ यांच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी गायिली, म्हणून पाठ्यपुस्तकांतून त्यांच्या निवडक ओव्या शिकविल्या जातात. हे झाले भाषाभिमानाचे अंग. दुसरे अंग धर्मांतराच्या इतिहासाचे. तेथे ‘क्रिस्तपुराण’ हे मिशनऱ्यांच्या कार्यपद्धतीचे एक साधन ठरते आणि त्याचे वाङ्मयपण बाजूला राहते. या दोन्ही दृष्टिकोनांतून एक प्रश्न निसटतो. हा ग्रंथ कोणासाठी रचला गेला आणि त्याच्या श्रवणासाठी एकत्र बसणाऱ्या माणसांचे परस्परांशी कोणते नाते तो घडवू पाहत होता, हा तो प्रश्न होय.

आजच्या चर्चमधून ‘सर्व वयोगटांसाठी श्रद्धासंस्कार’ हा विषय अगत्याने मांडला जातो. मुले एका खोलीत, तरुण दुसरीकडे, स्त्रियांचे मंडळ तिसऱ्या दिवशी अशी विभागणी झाल्यामुळे एकाच मंडळीतील पिढ्या एकमेकींना अनोळखी होत आहेत, ही त्यामागील खंत आहे. या प्रश्नाला मराठीत चारशे वर्षांचा पूर्वेतिहास आहे, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. प्रस्तुत लेखात ‘क्रिस्तपुराण’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दोन ग्रंथांच्या आधारे त्याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मुलांच्या वर्गात आलेला प्रौढ

फादर स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे बहुतांश आयुष्य साष्टी प्रदेशात गेले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ असे त्याचे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वर आहेत. एकूण ओवीसंख्या अकरा हजारांच्या घरात जाते. विश्वाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात आली आहे.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने आरंभीचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे. रविवारी दुपारी साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती सिद्धान्ताचे पाठ दिले जात आहेत. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येतो आणि पाद्री गुरूंपुढे आपली अडचण मांडतो. तिचा आशय असा : हे धर्मपाठ आम्हांला मान्य आहेत, पण पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या श्रवणासाठी दुसरे पुराण आपण का देत नाही? या मागणीचे उत्तर म्हणजे संपूर्ण ग्रंथ होय.

हा प्रसंग सामान्यतः ग्रंथप्रयोजनाचा एक संकेत म्हणून पाहिला जातो. परंतु त्यातील स्थळ व पात्रे नीट पाहिली पाहिजेत. वर्ग मुलांचा आहे आणि बोलतो आहे एक प्रौढ. मुलांना प्रश्नोत्तरे पाठ करता येतील. ज्याने अर्धे आयुष्य कथाश्रवणात घालविले आहे, त्याचे तेवढ्याने भागत नाही. त्याला केवळ माहिती नको आहे. ज्या कथेभोवती घरातील आजी, सून आणि नातू एकत्र बसत, ती बैठकच त्याच्या आयुष्यातून नाहीशी झाली आहे. पुराण मागताना तो खरे तर ती बैठक परत मागतो आहे, असे म्हणावे लागते.

स्टीफन्स यांनी ही मागणी ओळखली, याचा पुरावा त्यांच्या दोन ग्रंथांच्या तुलनेतून मिळतो. त्यांची कोंकणीतील ‘दौत्रिन क्रिस्ताँ’ ही धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये राशोल येथे छापली गेली. ती प्रश्नोत्तररूप आहे. तीत प्रश्नही ठरलेला आणि उत्तरही ठरलेले. पुराणातही श्रोते मधूनमधून शंका विचारतात, पण तेथे प्रश्नामुळे कथा थांबते, वळण घेते आणि पुन्हा पुढे सरकते. हे प्रश्नही कवीनेच लिहिलेले आहेत, हे खरे. तरीही श्रोत्याला शंका घेण्याचा अधिकार आहे ही गोष्ट ग्रंथाच्या रचनेतच मान्य झाली आहे, आणि ती लहान नव्हे.

भाषेविषयीचा त्यांचा निर्णयही याच दिशेचा आहे. प्रास्ताविकात ते सांगतात की, देवाविषयीच्या विषयांना मराठी योग्य असल्याने तीत रचना केली. परंतु शुद्ध मराठी आजच्या लोकांना समजत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या कोंकणीतील सुलभ शब्द मिसळले. जी भाषा जाणत्याला हीन वाटणार नाही आणि अजाणत्याला परकी होणार नाही, तिचा हा शोध आहे. ओवीची निवडही तशीच. जात्यावरची बाई आणि पोथी सांगणारा पुराणिक या दोघांनाही ती आपली वाटते.

नात्यांची दुसरी बाजू

येथेच थांबलो तर विवेचन एकांगी होईल. ब्राह्मणाच्या विनंतीत दोन वाक्ये आहेत : ‘नवे द्या’ आणि ‘जुने आपण वर्ज्य केलेत’. पहिल्याचे कौतुक करताना दुसरे विसरता येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून कार्यरत होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावकऱ्यांवर कठोर सूड उगविण्यात आला. ज्या सत्तेच्या छायेत श्रवणाची जुनी बैठक मोडली, तिच्याच छायेत नवी मांडली गेली. चर्चमध्ये पिढ्या एकत्र बसत असताना भिंतीपलीकडे राहिलेल्या भावकीशी त्यांचे नाते काय झाले, याविषयी पुराण मौन पाळते. समाज घडविणारी कथा कोणाला आत घेते याइतकेच ती कोणाला बाहेर ठेवते, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.

पुढील घटनाक्रमही बोधप्रद आहे. ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्व्होर याने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. भाषाच गेली तर बैठकही जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. पुराण टिकले ते राजाश्रयाने नव्हे, तर त्याच्या हस्तलिखित प्रतींमुळे. दक्षिणेकडे मंगळूर परिसरात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही या प्रती जपल्या आणि जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून ग्रंथाचे संपादन प्रसिद्ध केले. पहिल्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्याने जे राखले नाही ते घरांनी राखले, हा पिढ्यांतील नात्याचा ठोस पुरावा मानावा लागेल.

घर हीच पाठशाळा

विसाव्या शतकातील ‘स्मृतिचित्रे’ हा या विचारातील दुसरा टप्पा होय. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे ही मराठी वाङ्मयातील श्रद्धासंस्काराची बहुधा सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. आरंभी त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, पुढे सोवळेओवळे सांभाळतच नवऱ्याच्या सहवासात परतल्या. त्यांना कोणत्याही वर्गात बसविले गेले नाही. एकदा जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. सिद्धान्त आधी आणि आचरण मागाहून हा क्रम येथे उलटला आहे. पाण्याच्या एका पेल्याने जे झाले ते उपदेशाने झाले नसते.

लक्ष्मीबाईंचा विनोद या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण ठरतो. नवऱ्याचा विसरभोळेपणा आणि स्वतःची फजिती त्या सारख्याच निर्मळपणे सांगतात. ज्या घरात मोठ्यांच्या चुका मुलांसमोर हसून सांगता येतात, तेथे श्रद्धा भीतीवर उभी राहत नाही. टिळकांचे कीर्तन, भजन व अभंगरचना यांनाही हीच भूमी लाभली. कीर्तनात श्रोत्यांची वयवार वाटणी नसते. मूल आजीच्या मांडीवर झोपी जाते आणि तरीही पालुपद त्याच्या कानी राहते. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांच्या पदांना मिळालेले स्थान हे या सामायिक कंठाचेच फलित होय.

या ग्रंथाचा जन्मही लक्षात घेण्याजोगा आहे. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यांच्या आग्रहाने आईने आठवणी लिहिल्या. नातू अशोक टिळक यांनी पुढे संपादित आवृत्ती सिद्ध केली. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. म्हणजेच येथे पिढ्यांचे नाते हा केवळ ग्रंथाचा विषय नाही, ते ग्रंथाचे कारण आहे.

वयोगटांची भिंत

मग आजची विभागणी आली कोठून? इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये चालना दिलेली रविवारची शाळा मुळात आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचन शिकविण्यासाठी होती. तिचा हेतू उदात्त होता. परंतु साक्षरतेसाठी योग्य असलेली वर्गवारी श्रद्धेसाठीही योग्य असे कालांतराने गृहीत धरले गेले. अमेरिकेत होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्येच कुटुंबातील संस्काराचे महत्त्व मांडले होते. जॉन वेस्टरहॉफ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शाळेचा हा साचाच सदोष असल्याचे प्रतिपादन केले. कॅथलिक परंपरेतही द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला ‘गृहचर्च’ म्हणून संबोधिले, तर १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेने प्रौढांचे धर्मशिक्षण हे त्याचे मुख्य रूप मानले. साष्टीतील त्या ब्राह्मणाने मुलांच्या वर्गात उभे राहून जे सुचविले, त्याच्याजवळ हा विचार बऱ्याच फेऱ्यानंतर येऊन पोहोचला आहे.

यावरून वर्ग बंद करावेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्टीफन्स यांनीही प्रश्नोत्तरी आणि पुराण दोन्ही लिहिली. वयानुरूप पाठ आणि सर्वांचे सामायिक श्रवण यांची गरज वेगवेगळी आहे. प्रश्न निर्माण होतो तो पहिल्याने दुसऱ्याची जागा बळकाविल्यावर. त्याचप्रमाणे केवळ एका छताखाली बसविल्याने नाते जुळत नाही. ज्या उपासनेत मुलांनी फक्त गप्प बसावयाचे असते, ती सर्व वयोगटांची उपासना नव्हे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, श्रद्धासंस्काराचे एकक व्यक्ती किंवा वयोगट नसून एकत्र ऐकणारा समाज आहे. दुसरी, तो समाज टिकतो तो प्रश्नाला वाव असेल तरच. पुराणातील श्रोता आणि ‘स्मृतिचित्रे’तील लक्ष्मीबाई यांचा समान गुण शंका हाच आहे. तिसरी, नाते जोडणाऱ्या प्रत्येक उपक्रमाने आपण कोणते नाते तोडून उभे आहोत याचा हिशेब ठेवला पाहिजे. ‘क्रिस्तपुराण’ तो देत नाही, ‘स्मृतिचित्रे’ बऱ्याच अंशी देते. बाप्तिस्म्यानंतर दुरावलेल्या नातलगांविषयी लक्ष्मीबाईंच्या लेखनात कटुता नाही, आणि त्यांना विसरणेही नाही.

मराठीच्या अध्यापकांनी ‘क्रिस्तपुराणा’तील भाषास्तुतीच्या ओव्या अवश्य शिकवाव्यात. परंतु त्याआधी तो रविवार दुपारचा वर्ग विद्यार्थ्यांसमोर उभा करावा : पाठ म्हणणारी मुले, दारात थांबलेला प्रौढ आणि त्याची मागणी ऐकून पाठ बाजूला ठेवणारा गुरू. ग्रंथाचे मोठेपण त्या एका ऐकून घेण्यात सामावले आहे.