ते झबलं

मुलीला गुलाबी आणि मुलग्याला निळं, ही वाटणी अमेरिकेत कधी पक्की झाली याचा शोध जो पाओलेट्टी यांनी ‘पिंक अँड ब्लू’ (२०१२) या पुस्तकात घेतला आहे. पुस्तक चांगलं आहे आणि ते आपल्याकडे वाचलं जावं असं मला वाटतं. पण सातारा-सांगलीकडच्या माणसाने ते वाचायला घेतलं, की पानोपानी अडखळायला होतं. ते अडखळणंच इथे मांडतो आहे.

पाओलेट्टी यांचा पहिला मुद्दा पांढऱ्या रंगाचा. एकोणिसाव्या शतकात तिकडची लहान मुलं, मुलगा असो की मुलगी, पांढरे झगे घालत, कारण सुती पांढरं कापड उकळून, ब्लीच करून पुन्हा वापरता येतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा अडीच वर्षांचे असतानाचा फोटो प्रसिद्ध आहे: पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस. त्यानंतर फिके रंग आले आणि १९१८ सालच्या एका व्यापारी नियतकालिकाने तर गुलाबी हा ठसठशीत रंग, म्हणून तो मुलग्यांना, आणि निळा नाजूक, म्हणून तो मुलींना, असा सल्ला दिला. हा दाखला आता इंटरनेटवर इतका फिरला आहे, की ‘पूर्वी सगळं उलटं होतं’ असंच लोक समजून चालतात. मार्को देल ज्युदिचे यांनी त्याच वर्षी, २०१२ मध्ये, जुन्या छापील पुस्तकांचा संचय धुंडाळून त्यावर आक्षेप घेतला. संपूर्ण उलटापालटीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला वाटतं, सरमिसळ होती एवढंच म्हणणं सुरक्षित.

आपल्याकडे मात्र गुलाबीचा प्रश्न या चौकटीत बसतच नाही. कऱ्हाड-तासगावकडच्या लग्नात गुलाबी फेटे बांधून मिरवतात ते पुरुष. निवडणूक जिंकली की गुलाल उधळला जातो, आणि जीपच्या टपावर बसलेल्या, कानातून गुलाल निघत असलेल्या कार्यकर्त्याला ‘बायकी रंग’ असं कोणी म्हणत नाही. तोच माणूस संध्याकाळी दुकानात जाऊन भाच्यासाठी ‘गुलाबी नको, मुलगा आहे’ म्हणतो. म्हणजे हा नियम रंगाचा नाही, लहान मापाच्या रेडिमेड कपड्याचा आहे. तो कपड्यासोबत पॅकिंगमधून आला.

आपला स्वतःचा नियम भाषेत होता. झबलं, टोपडं, अंगडं, दुपटं, बाळोतं: सगळी नपुंसकलिंगी. आत जे असायचं तेही बाळ, मूल, लेकरू. कुंची तेवढी स्त्रीलिंगी, आणि ती बिनतक्रार मुलग्याच्या डोक्यावर बसायची. बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, हेही दोघांना सारखंच. वर्षभर नकोसा असलेला काळा रंग संक्रांतीला चालतो, आणि मुलगा-मुलगी बघून चालत नाही. व्याकरणावरून समाज ताडणं धोक्याचं असतं, हे मला कळतं. ‘बाळ’ म्हणणाऱ्या याच भाषेतले पाळणे बहुतेक राम-कृष्ण-शिवबांचे आहेत. पण कपड्यापुरती ही उदासीनता खरी होती, कारण ती सोयीची होती.

सोय म्हणजे उसनवारी. आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं नवं घालत नसत. जिथली लेकरं धडधाकट, त्या घरातून मागून आणत. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. दहा वेळा धुतलेलं मऊ असतं. आजी म्हणायची, जगलेल्या पोराचं आयुष्य अंगाला लागतं. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी धरली जात. जुन्या लुगड्याची दुपटी, धोतराची बाळोती, आणि सगळ्याच्या शेवटी उरलेलं वाकळेच्या थरात. विट्याची मावशी गाठोडं पाठवायची ते साताऱ्याला यायचं, तिथून पुढे जायचं. परत करायचं ते पाठवणारीला नव्हे, पुढच्या बाळंतिणीला. या व्यवहाराची कुठे नोंद नाही. पाओलेट्टी यांचे पुरावे जाहिराती, कॅटलॉग, कागदी बाहुल्या, बाळाच्या आठवणींच्या वह्या असे आहेत. विकणारा कागद ठेवतो, देणारी ठेवत नाही. त्यामुळे त्यांच्या इतिहासात खरेदी ठळक दिसते आणि देवघेव पुसट. हा दोष त्यांचा कमी, पुराव्याचा जास्त. पण निष्कर्ष वाचताना लक्षात ठेवायला हवा.

पुस्तकातलं सगळ्यात पटणारं प्रकरण सोनोग्राफीचं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आईबापांना बाळ जन्मण्याआधीच कळू लागलं, ते आधीच खरेदी करू लागले, आणि रंग जितके विभागलेले तितकी दुसऱ्या बाळासाठी पुन्हा खरेदी, हे दुकानदारांनी ओळखलं. पाओलेट्टी यांनी हा बदल घरातच पाहिला, १९८२ची मुलगी आणि १९८६चा मुलगा यांच्या कपड्यांत.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सोनोग्राफी आपल्याकडेही आली, तेव्हा ती झबल्यांचा रंग ठरवायला आली नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ साली करावा लागला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण पोलिसांनी उकरून काढले. तिकडे ‘मुलगी आहे’ हे आधी कळलं की गुलाबी कपडे विकले जात. इकडे कळलं की कपडेच लागत नसत. पाओलेट्टी यांचा कार्यकारणभाव चूक नाही, तो अमेरिकेपुरता आहे. हे पुस्तक भारतातल्या गुलाबी-निळ्यावर जसंच्या तसं चिकटवणारे लेख मला म्हणूनच उथळ वाटतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींचं जाहीर नामांतर झालं. त्यांचं नाव नकुशी किंवा नकोशी होतं. समारंभात त्यांना स्वतः निवडलेली नावं मिळाली. जुन्या उसनवारीशेजारी ठेवून हे पाहायला हवं. मुलगे जगत नसले, की पुढच्याचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवत, त्याचं नाक टोचत, त्याला परकर घालत, म्हणजे मृत्यूला तो नकोसा वाटावा. नकुशी मात्र मृत्यूला फसवण्यासाठी नव्हती. पुढचा मुलगा व्हावा म्हणून होती. मुलग्याला वाचवायला मुलीचे कपडे चालत होते, हे या प्रथेतलं कडवट गणित आहे. तेव्हा जुन्या गाठोड्याबद्दल मी फार हळवा होणार नाही.

तरीही आजची अडचण वेगळी आहे, आणि ती साधी आहे. साताऱ्यात राजपथावर किंवा सांगलीत मारुती रोडवर तान्ह्या बाळाचे कपडे मागितले, की दुकानदार आधी ‘मुलगा की मुलगी?’ विचारतो. बाळंतपणाच्या आधी खरेदी करणाऱ्याकडे कायद्याने याचं उत्तर नसतं, म्हणून पिवळा, फिका हिरवा, पांढरा असा ढीग पुढे येतो. बारशानंतर मात्र रंग पक्के होतात. हे कपडे पुढे द्यायची वेळ आली की गाठोडं दोन ठिकाणी सुटतं. भावाचा निळा टी-शर्ट बहीण घालते. बहिणीचा गुलाबी फ्रॉक भावाला कोणी घालत नाही; गुलाबी साधा शर्टसुद्धा नाही. मुलीचे कपडे दुसऱ्या मुलीचीच वाट पाहतात, आणि कित्येक घरांत ती दुसरी मुलगी येत नाही.

माझ्या वहिनीने गेल्या वर्षी तिच्या लेकीची पिशवी तासगावला चुलत नणंदेकडे पाठवली. नणंदेला मुलगा झाला होता. पिशवीतलं पिवळं आणि पांढरं ठेवून घेतलं गेलं. गुलाबी सगळं इस्त्री करून, घडी घालून, एका वेगळ्या पिशवीत परत आलं. सोबत निरोप होता, ‘वहिनी, राग मानू नका, चांगले कपडे आहेत, कुणाला मुलगी झाली तर उपयोगी पडतील.’ ती पिशवी अजून कपाटावर आहे.